नाजूक पोटाचा कुत्रा आणि मुंबईचं घर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्याकडे ठकी आहे. देशी, १४ किलो, सहा वर्षांची, मुलुंड स्टेशनबाहेर भर पावसात रिक्षाखाली बसलेली सापडली होती. तिचं पोट पहिल्या दिवसापासून नाजूक, त्यामुळे सोसायटीतले, ऑफिसातले, मुलाच्या शाळेतले, ज्यांच्या ज्यांच्या घरी कुत्रा आहे ते सगळे मला हेच प्रश्न विचारतात आणि शक्यतो रात्री साडेअकरालाच विचारतात, म्हणून एकदाचं सगळं नीट लिहून ठेवतेय. मी डॉक्टर नाही. खाली जे आहे ते आमच्या डॉक्टरांनी शिकवलेलं, वाचलेलं आणि सहा वर्षं ठकीच्या मागे पिशवी घेऊन फिरताना बघितलेलं आहे.

आत्ता उलटी झालीय, जुलाबही लागलेत. लगेच न्यायचं की सकाळपर्यंत थांबायचं?

आधी कुत्र्याकडे बघा, लादीवरच्या उलटीकडे नंतर. एकदा ओकला, त्यानंतर शेपटी हलवतोय, दारावरची बेल वाजली की उठून भुंकतोय, पाणी पितोय आणि पोटात राहतंय, तर बहुतेक वेळा काही तास लक्ष ठेवून थांबता येतं. पण कोपऱ्यात जाऊन बसलाय, हाक मारली तरी मान वर करत नाही, प्यायलेलं पाणीसुद्धा परत बाहेर येतंय, काही तासांत तीन-चार उलट्या झाल्यात, शी किंवा उलटीत रक्त आहे, तर थांबू नका. सहा महिन्यांखालचं पिल्लू, म्हातारा कुत्रा, डायबिटीस किंवा किडनीचा पेशंट, यांच्या बाबतीत तर मी एक रात्रसुद्धा थांबणार नाही.

घरच्या घरी एक तपासणी करता येते आणि ती प्रत्येकाला यायलाच हवी. वरचा ओठ हळूच उचलायचा, हिरडीवर बोटाने दाबायचं आणि सोडायचं. दाबलेल्या जागी पांढरा ठिपका उमटतो आणि तो दोन सेकंदांच्या आत परत गुलाबी व्हायला हवा. हिरडी ओलसर, बुळबुळीत लागायला हवी. चिकट, कोरडी लागली, पांढुरकी दिसली किंवा रंग परत यायला वेळ लागला तर शरीरातलं पाणी कमी झालंय, गाडी काढा. ही तपासणी कुत्रा धडधाकट असताना दोन-चार वेळा करून ठेवा म्हणजे त्याची नेहमीची हिरडी कशी दिसते ते माहीत असतं, काही कुत्र्यांच्या हिरड्या मुळातच काळ्या असतात, तिथे मग डोळ्याची खालची पापणी ओढून आतला रंग बघायचा.

आणि एक चित्र डोक्यात पक्कं बसवा: पोट फुगलंय, ढोलासारखं लागतंय, कुत्रा ओकायचा प्रयत्न करतोय पण फेस नाहीतर लाळेशिवाय काही पडत नाही, सारखा जागा बदलतोय. जर्मन शेफर्ड, ग्रेट डेन, डॉबरमन अशा खोल छातीच्या जातींत हे जास्त होतं. यात जठर हवेने फुगून पिळलं जातं आणि रक्तपुरवठा बंद पडतो. इथे हिंग नाही, ओवा नाही, पोट चोळणं नाही, सरळ ऑपरेशनची सोय असलेलं हॉस्पिटल. इथे तासही महत्त्वाचे असतात.

मग रात्री मुंबईत न्यायचं कुठे?

महालक्ष्मीला टाटा ट्रस्टचं लहान प्राण्यांचं हॉस्पिटल २०२४ मध्ये सुरू झालं, ते चोवीस तासांचं आहे. परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट हॉस्पिटल, म्हणजे आपण ज्याला बैलघोडा हॉस्पिटल म्हणतो ते, आणि तिथेच १८८६ सालचं बॉम्बे व्हेटर्नरी कॉलेज. पण कुठेही जायचं तरी आधी फोन करा, त्या वेळेला डॉक्टर आहेत का, सलाइन-एक्सरेची सोय चालू आहे का ते विचारा आणि मगच निघा. हे नंबर आजच, कुत्रा ठणठणीत असताना, फ्रिजवर लावून ठेवा. आणि जवळपासचा असा एक रिक्षावाला किंवा टॅक्सीवाला शोधून ठेवा जो कुत्र्याला बसवून नेतो, कारण रात्री अडीचला हायवेवर उभं राहून हात दाखवताना किती जण कुत्रा बघून पुढे निघून जातात ते मी अनुभवलंय.

पोट बिघडलं की उपाशी ठेवायचं ना?

अर्धं बरोबर. सतत उलट्या होत असतील आणि कुत्रा पूर्ण वाढलेला, एरवी निरोगी असेल तर सहा-आठ तास, जास्तीत जास्त बारा तास जेवण बंद ठेवून जठराला विश्रांती देता येते. पाणी मात्र बंद करायचं नाही, फक्त वाडगाभर एकदम द्यायचं नाही, दोन-चार चमचे, पंधरा-वीस मिनिटांनी परत दोन-चार चमचे. नुसते जुलाब असतील, उलटी नसेल, तर पूर्वी चोवीस तास उपास सांगायचे, आता बरेच डॉक्टर हलकं जेवण थोडं थोडं देतच राहा म्हणतात कारण आतड्याच्या अस्तराला अन्न लागतं. पिल्लांना आणि चिवावासारख्या छोट्या जातींना उपाशी ठेवायचंच नाही, त्यांची साखर झपकन खाली येते.

चिकन-भात नक्की कसा करायचा?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, कारण प्रत्येकाला वाटतं की यात काय करायचंय.

चिकन बोनलेस, ब्रेस्टचं, कातडी आणि चरबीचे पिवळे तुकडे काढून. नुसत्या पाण्यात शिजवायचं. मीठ नाही, हळद नाही, तेल नाही, आणि कांदा-लसूण तर अजिबातच नाही. आपल्या घरातलं चिकन म्हटलं की हात आपोआप आलं-लसणाच्या वाटणाकडे जातो, म्हणून ठकीचं पातेलं आम्ही वेगळंच ठेवलंय, छोटं, ॲल्युमिनियमचं, कडेला पोचा आलेला आहे, त्यात दुसरं काही शिजत नाही. शिजल्यावर वर जो चरबीचा तवंग येतो तो गार करून चमच्याने काढून टाकायचा. चिकन हाताने इतकं बारीक सोडवायचं की ते भातातून वेचून खाता येऊ नये, नाहीतर ठकी सगळं चिकन वेचते आणि भात जसाच्या तसा वाडग्यात ठेवते.

भात पांढरा, जुन्या तांदळाचा, नेहमीपेक्षा जास्त पाणी घालून अगदी गुरगुट्या. ब्राउन राइस नको, त्यात कोंडा असतो आणि इथे आपल्याला तो नकोय. प्रमाण म्हणाल तर एक वाटी चिकनला दोन वाट्या भात. कोमट द्यायचं, गरम नाही आणि फ्रिजमधून काढून तसंच थंडही नाही.

आता किती. दोन वेळचं जेवण एकदम दोन वेळा द्यायचं नाही, दिवसभरात चार ते पाच वेळा थोडं थोडं. ठकी १४ किलोची आहे, तिला पहिल्या वेळेला तीन-चार चमचेच देते आणि दोन तास बघते, राहिलं पोटात तर पुढच्या वेळी अर्धी वाटी. ती वाडगा चाटून माझ्याकडे बघते तेव्हा जीव तुटतो, पण तेव्हा वाढायचं नाही. शी दोन-तीन दिवसांत बांधून व्हायला लागते. दोन दिवसांत काहीच फरक नाही तर डॉक्टर. फरक पडला तर नेहमीचं जेवण एका दिवसात परत आणू नका, चिकन-भातात आधी पाव भाग मिसळा, दोन दिवसांनी अर्धा, मग पाऊण, असं आठवडाभरात. चिकन-भात हे कायमचं जेवण नाही हेही सांगते, त्यात कॅल्शियम आणि बरंच काही कमी पडतं, महिनोन्‌महिने फक्त तेच देणारी घरं मी बघितलीत आणि ती प्रेमानेच देतात, पण कुत्र्याचं त्यात नुकसान आहे.

शाकाहारी घर असेल तर? भाताची पेज आणि उकडून कुस्करलेला बिनमिठाचा बटाटा थोडासा चालतो, काहींना पनीर सोसतं काहींना नाही. एखाद-दोन दिवस ठीक.

दूध-चपाती? दही? ताक?

दूध नाही. पूर्ण वाढलेल्या कुत्र्यांत दुधातली साखर पचवणारं एन्झाइम कमी झालेलं असतं, त्यामुळे बिघडलेल्या पोटात दूध घालणं म्हणजे आगीत तेल. आपल्याकडे दूध-चपातीवर पिढ्यान्‌पिढ्या कुत्रे वाढले हे खरं आहे, काहींना सोसतंही, पण नाजूक पोटवाल्याला नाही. दही एक-दोन चमचे काही कुत्र्यांना चालतं, काहींना त्यानेच वाढतं, म्हणून जुलाब चालू असताना पहिला प्रयोग करू नका. ताकात मीठ-जिरं घातलेलं असतं, ते ताक नको.

लाल भोपळा खरंच चालतो का?

चालतो. साल-बिया काढून वाफवलेला, कुस्करलेला, लहान कुत्र्याला एक चमचा, मोठ्याला दोन-तीन. त्यातलं फायबर पाणी धरून ठेवतं म्हणून पातळ शीला आणि बद्धकोष्ठाला दोन्हीला थोडा उपयोग होतो. भोपळ्याचं भरीत नव्हे, नुसता भोपळा.

घरात माणसांच्या गोळ्या आहेत, अर्धी देऊ का?

नका देऊ. मी हे हात जोडून सांगतेय.

पोट दुखतंय वाटून लोक आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक देतात, त्याने कुत्र्याच्या जठराला अल्सर होतात, किडनी जाते. पॅरासिटामॉलही कुत्र्याच्या यकृताला झेपत नाही. जुलाब थांबवायची लोपेरामाइड काही कुत्र्यांत, खास करून कॉली आणि त्याच्या नात्यातल्या जातींत एका जनुकातल्या दोषामुळे थेट मेंदूत पोचते. शिवाय विषारी काही खाल्लं असेल तर जुलाब थांबवून आपण ते आतच कोंडून ठेवतो. आणि मेट्रोनिडाझोल, ती तर आपल्याकडे प्रत्येक घराच्या औषधाच्या डब्यात असतेच, पोट बिघडलं की अर्धी गोळी. ती जास्त झाली तर कुत्रा झोकांड्या खातो, डोळे थरथरतात, आणि साध्या जुलाबात तिची बहुतेकदा गरजच नसते, उलट आतड्यातले चांगले जिवाणूही ती मारते. डॉक्टरांनी वजन करून दिली तर द्या, मागच्या वेळची उरली म्हणून देऊ नका.

उलटी थांबवायचं औषधही असंच. आतड्यात काहीतरी अडकलेलं असेल तर औषधाने उलटी थांबते, आपण निवांत होतो, आणि अडकलेलं तिथेच राहतं.

एका रात्री मीही घाईघाईत जे पहिलं क्लिनिक उघडं दिसलं तिथे ठकीला नेलं होतं. काय खाल्लं, कधीपासून, शी कशी होती, काहीही न विचारता तीन इंजेक्शनं दिली, कसली ते कागदावर लिहिलंही नाही. दुसऱ्या दिवशी आमच्या डॉक्टरांनी विचारलं काल काय दिलं, तर मला सांगता येईना आणि त्यामुळे पुढचं औषध ठरवायलाच त्यांना अडचण झाली. तेव्हापासून कुठेही गेले तरी औषधाचं नाव आणि डोस लिहून घेतल्याशिवाय मी टेबलावरून ठकीला उचलत नाही. तुम्हीही घ्या, तुमचा हक्क आहे तो.

ओआरएस?

साधं, फ्लेवर नसलेलं, डॉक्टरांना फोनवर विचारून, चमच्या-चमच्याने. शुगर-फ्री काहीही देऊ नका, काहींत झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोडवा) असतं आणि ते कुत्र्यांना विषारी आहे. आणि उलट्या चालू असताना सिरिंजने घशात जबरदस्तीने पाणी घालू नका, ते फुफ्फुसात जातं. प्रमाण लक्षात ठेवायला सोपं: कुत्र्याला दिवसाला किलोमागे साधारण ५० ते ६० मिली पाणी लागतं, म्हणजे १० किलोच्या कुत्र्याला अर्धा लिटरच्या थोडं वर, आणि जुलाबात जातं ते वेगळंच.

शीत आव आहे, थोडं लाल रक्तही आहे. घाबरू?

शी नीट बघायला लाजू नका, डॉक्टरांचं अर्धं निदान त्यातच असतं. थोडी थोडी, सारखी सारखी, जोर करून, आव पडलेली आणि शेवटी लाल रक्ताचा एखादा थेंब, ही मोठ्या आतड्याची सूज. ताण, एकदम बदललेलं खाणं, जंत, जिआर्डिया (आतड्यात राहणारा सूक्ष्म परजीवी) अशी कारणं असतात, कुत्रा एरवी खेळता असेल तर सकाळी नेलं तरी चालतं. भरपूर प्रमाणात, पाण्यासारखी, वजन उतरतंय, तर छोटं आतडं. डांबरासारखी काळी चिकट शी म्हणजे रक्त वरच्या भागात पचून आलंय, हे गंभीर. आणि शीच्या जागी नुसतं स्ट्रॉबेरी जॅमसारखं रक्त पडलं तर कपडे बदलण्यातही वेळ घालवू नका, त्यात शरीरातलं पाणी भयानक वेगाने जातं आणि वेळेवर सलाइन मिळालं तर कुत्रे चांगले बरे होतात.

रोज सकाळी उपाशीपोटी पिवळं पाणी ओकतो.

ते पित्त. रात्रीचं जेवण आठला आणि सकाळचं नऊला असेल तर मधे फार वेळ पोट रिकामं राहतं. झोपायच्या आधी जेवणातलाच थोडा भाग बाजूला काढून द्या. ठकीचं रात्री अकराचा चार चमचे भात सुरू केल्यावर आठवड्यात बंद झालं. तरीही चालूच राहिलं तर दाखवा.

गवत खातो म्हणजे पोट बिघडलंय का?

दर वेळी नाही. बरेच कुत्रे सवयीने खातात. वेड्यासारखं ओरबाडून खायला लागला आणि लगेच ओकला तर लक्ष ठेवा. बागेत औषध फवारलेलं नाही ना तेवढं माळीदादांना विचारून घ्या.

पावसाळ्यात दर वर्षी पोट का बिघडतं?

कारण जून ते सप्टेंबर मुंबईत सगळंच पाण्यात असतं आणि त्या पाण्यात सगळंच असतं. डबक्यातलं पाणी पिऊन जिआर्डिया होतो, शी मऊ, वास मारणारी, मधे दोन दिवस बरी मग परत बिघडलेली. एका तपासणीत तो सापडेलच असं नाही कारण तो रोज शीतून बाहेर पडत नाही, म्हणून डॉक्टर दोन-तीन दिवसांचं सॅम्पल मागतात तेव्हा कंटाळू नका.

खरी भीती लेप्टोची, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या जिवाणूच्या आजाराची. उंदरांच्या लघवीतून तो पाण्यात येतो, पायाच्या जखमेतून किंवा तोंडातून शरीरात जातो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्यानंतर माणसांत लेप्टोची जी साथ आली ती मुंबईकर विसरलेले नाहीत, आणि तेच पाणी कुत्रेही तुडवतात. उलट्या, ताप, पाय-पाठ दुखल्यासारखं चालणं, लघवी गडद किंवा एकदम कमी, डोळे आणि हिरड्या पिवळ्या, हे लेप्टो असू शकतं आणि ते कुत्र्याकडून माणसालाही होतं, म्हणून अशा कुत्र्याची लघवी हातमोजे घालूनच पुसा. लस आहे, पहिल्यांदा दोन डोस आणि मग दर वर्षी, पावसाच्या आधी मे महिन्यात उरकून टाका. पाणी तुंबलं की आम्ही ठकीला त्यातून नेतच नाही, पार्किंगमध्ये पोडियमवर फिरवतो, आणि वर आल्यावर चारही पंजे धुऊन बोटांच्या बेचक्यांसकट कोरडे करतो. घरातून निघतानाच पोटभर पाणी पाजतो, तहानलेला कुत्रा डबकं सोडत नाही.

आणि कोरडं खाणं. दहा किलोची गोणी स्वस्त पडते हो, पण जुलैच्या दमट हवेत उघडी गोणी तीन आठवड्यांत खवट होते, कधी बुरशी धरते आणि बुरशीचं विष यकृताला लागतं. पावसाळ्यात छोटी पाकिटं घ्या, मूळ पाकिटासकट घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, वाढायच्या आधी वास घ्या.

पावसाळ्यात गोचिड्याही वाढतात. जेवणच सोडलंय, मलूल आहे, ताप आहे आणि पोटाचं कारण सापडत नाही तर गोचिडीच्या तापाची रक्ततपासणी करून घ्या, मुंबईत हे खूप आहे आणि सुरुवातीला लोक ते पोटावरच ढकलतात. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, त्यामुळे हात लावून गरम लागलं म्हणून ताप समजू नका, थर्मामीटर ठेवा.

आंब्याची कोय गिळली!

एप्रिल-मे महिन्यात हा फोन येतोच. हापूसचा गर साल काढून एक-दोन फोडी चालतो, कोय नाही. कोय घशातून जाते, जठरात बसते आणि पुढे छोट्या आतड्यात अडकते. कधी कधी अनेक दिवस जठरातच राहते आणि मग एकदम उलट्या सुरू होतात, तोवर घरातले विसरलेले असतात की कोय खाल्ली होती. गिळली हे कळल्याबरोबर न्या, लवकर असेल तर डॉक्टर औषधाने ओकवून काढू शकतात किंवा दुर्बिणीने काढतात, उशीर झाला तर पोट उघडावं लागतं. घरी मिठाचं पाणी पाजून ओकवू नका, मीठ रक्तात चढून झटके येतात. मक्याचं कणीस, शिजवलेली हाडं, मोजे, हेही याच यादीत. शिजवलेलं हाड टोकदार तुटतं, रविवारच्या मटणाची नळी प्रेमाने दिलेली असते पण नका देऊ.

सणाला थोडंसं दिलं तर काय होतं?

गोड शिऱ्यातला एक बेदाणा आपल्याला दिसतही नाही, पण द्राक्षं आणि मनुका-बेदाण्यांनी कुत्र्याची किडनी बंद पडू शकते, आणि किती खाल्ले की होतं त्याचा सुरक्षित आकडा नाही. कांदा-लसूण, कच्चा असो शिजवलेला असो, पावडर असो, रक्तातल्या लाल पेशी फोडतो, म्हणून कांदाभजी, मिसळ, भेळ नाही. चॉकलेट नाही. दिवाळीचा फराळ, चकली-शेव-चिवडा म्हणजे तळण आणि मीठ, खूप तेलकट खाल्ल्यावर स्वादुपिंडाला सूज येते, कुत्रा पुढचे पाय पसरून मागचा भाग वर करून नमस्कारासारखा बसतो, पोटाला हात लावू देत नाही, ओकत राहतो. मिनिएचर श्नाउझरसारख्या जातीत जास्त, पण कोणालाही होऊ शकतं.

दिवाळीत आणि गणपतीत आवाजानेही पोट बिघडतं, हे खरं वाटत नाही पण तसंच आहे, भीतीने आतडी घाईघाईने ढकलतात आणि आव पडते. ढोल-ताशा दारात येणार त्या दिवशी ठकीला आम्ही लवकर फिरवून, थोडंसंच जेवण देऊन, आतल्या खोलीत पंखा फुल्ल करून ठेवतो आणि कोणीतरी एक जण तिच्याजवळ बसतंच.

पिल्लाला जुलाब लागलेत, लस अजून व्हायचीय.

आत्ता न्या. पार्वो हा विषाणूचा आजार असू शकतो. उलट्या, अत्यंत घाण वासाचे रक्ताचे जुलाब आणि मलूल झालेलं पिल्लू, यात दिवस मोजत नाहीत, तास मोजतात. लस सहा-आठ आठवड्यांपासून सुरू करून साधारण सोळा आठवड्यांपर्यंत डोस पूर्ण करायचे, मधला एकही चुकवायचा नाही, आणि तोवर रस्त्यावर, बागेत जमिनीवर सोडायचं नाही. हा विषाणू जमिनीत महिनोन्‌महिने टिकतो, फिनाइलने मरत नाही, ब्लीच लागतं. जंताचं औषध लहानपणी दर दोन आठवड्यांनी, मग सहा महिन्यांपर्यंत महिन्याला, मग साधारण दर तीन महिन्यांनी, वजनाप्रमाणे.

सोसायटीत उंदराचं औषध टाकलंय आणि कुत्र्याने काहीतरी चाटलं.

वॉचमनकडून किंवा पेस्ट कंट्रोलवाल्याकडून पाकिटाचा फोटो मागवून घ्या आणि लगेच निघा. काही औषधांनी रक्त गोठणं थांबतं पण लक्षणं चार-पाच दिवसांनी दिसतात, तोपर्यंत कुत्रा ठणठणीत वाटतो. झिंक फॉस्फाइड असेल तर खायला काहीही घालू नका, जठरात आम्ल सुटलं की विषारी वायू जास्त बनतो, गाडीत असाल तर काचा उघड्या ठेवा.

सगळं नीट करतो तरी महिन्यातून तीन-चारदा बिघडतंच. कारणच कळत नाही.

आमचंही असंच होतं, वर्षभर. खाणं बदललं, ब्रँड बदलला, चिकन बंद करून मासे दिले, परत चिकन. प्रत्येक बदलाने पोट अजून बिघडायचं आणि मी अजून काहीतरी बदलायचे.

मग डॉक्टरांनी सांगितलं की काही बदलू नका, फक्त लिहा. स्वयंपाकघरात कालनिर्णय असतंच, त्यावर दुधाचा हिशोब लिहितो ना, तिथेच त्याच चौकोनात खाली ठकीचं लिहायला लागले. ब म्हणजे बांधून, म म्हणजे मऊ, प म्हणजे पातळ, आ म्हणजे आव, उ म्हणजे उलटी. पेन दोऱ्याने खिळ्याला बांधलेलं, म्हणजे जो फिरवून आणेल त्याने चपला काढायच्या आधी लिहायचं. सहा आठवडे झाले आणि एका रविवारी सासूबाई चष्मा लावून तिथी बघत होत्या, त्या म्हणाल्या, अगं, हिचे प सगळे शुक्रवारीच का गं?

आणि खरंच, शुक्रवारच्या रांगेत प, प, प, आ, प. मधे एक शुक्रवार फक्त ब होता. शुक्रवारी बिघडतं म्हणजे गुरुवारी काहीतरी होतं. गुरुवारी शेजारच्या काकू दत्ताच्या मठात जातात. येताना प्रसादाचा पेढा, आणि ठकी त्यांच्या पावलांच्या आवाजाला दारात जाऊन बसलेली. जो शुक्रवार चुकला त्या आठवड्यात काकू पुण्याला लेकीकडे होत्या. खवा आणि साखर, १४ किलोच्या पोटात.

काकूंना सांगायला मी दोन दिवस घेतले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, म्हणाल्या, मी तर तिला प्रसाद देत होते गं. आम्ही ठरवलं की ठकीसाठी काकडीची एक चकती काकूंच्या डब्यात ठेवायची, ती त्या मठात नेतात आणि आणतात. ठकी अजूनही गुरुवारी दारात बसते, चकती कुडुम कुडुम खाते, आणि शुक्रवार ब.

म्हणून माझं प्रत्येकाला एकच सांगणं असतं की नाजूक पोटाच्या कुत्र्याला एक जेवण, एक वेळ, एक माप, आणि घरातल्या, शेजारच्या, खालच्या वॉचमनच्या प्रत्येक हाताची नोंद. आपल्याकडे माया खाऊ घालूनच दाखवतात, ती दाखवायची नाही असं कोणालाच सांगू नका, लोक दुखावतात आणि लपून देतात. काय द्यायचं ते तुम्ही त्यांच्या हातात ठेवा: उकडलेलं गाजर, काकडी, जेवणातलेच चार दाणे.

चिकनची ॲलर्जी असेल का?

असू शकते, बीफ, दूध, चिकन, गहू यांची ॲलर्जी कुत्र्यांत बघायला मिळते. पण ते ओळखायचा खात्रीचा मार्ग एकच, डॉक्टरांच्या देखरेखीखाली साधारण आठ आठवडे कुत्र्याने पूर्वी न खाल्लेलं प्रोटीन किंवा खास हायड्रोलाइज्ड (प्रोटीनचे अगदी बारीक तुकडे केलेलं) खाणं आणि त्याशिवाय काहीच नाही, एक बिस्किटही नाही, चव लावलेली जंताची गोळीसुद्धा नाही. मधे कोणी ग्लुकोज बिस्किट दिलं की घड्याळ परत शून्यावर. त्या आधी जंत, जिआर्डिया वगैरे तपासून घ्या. तीन आठवड्यांपेक्षा जास्त चालू असेल, वजन उतरत असेल तर बी-ट्वेल्व्ह, स्वादुपिंडाच्या एन्झाइमच्या तपासण्या, सोनोग्राफी हे सगळं डॉक्टर सांगतील, तेव्हा टाळू नका.

डॉक्टरांकडे जाताना काय न्यायचं?

ताजी शी, चार-पाच तासांच्या आतली, केमिस्टकडे मिळणाऱ्या स्वच्छ सॅम्पलच्या डबीत. उशीर होणार असेल तर पिशवीत गुंडाळून फ्रिजमध्ये, फ्रीझरमध्ये नाही, आणि घरच्यांना सांगून ठेवा डबीत काय आहे ते. उलटीचा आणि शीचा फोटो. ओकतानाचा व्हिडिओ मिळाला तर फारच चांगलं, पोट आत-बाहेर होऊन जोर करून आलं की न पचलेलं अन्न नुसतं तोंडातून घरंगळलं, यावरून जठराचा प्रश्न की अन्ननलिकेचा ते कळतं. लसीचं पुस्तक. आत्ता चालू असलेल्या खाण्याच्या पाकिटाच्या मागच्या बाजूचा फोटो. आणि कॅलेंडरचं ते पान खिळ्यावरून काढून घडी घालून घेऊन जा, आमचे डॉक्टर आता ठकीच्या आधी तेच मागतात.